गाडीच्या पायरीवरची बाई

"आधी अंगठा ठेवा पावणं. मग बघा."

चित्र असलेला कुठलाही कागद हातात पडला की आण्णा हे म्हणायचे आणि आपला रुंद अंगठा त्यातल्या अक्षरांवर ठेवायचे. चित्रकथेतल्या माणसाच्या डोक्यावर बोलण्याचा फुगा असतो ना, तो अंगठ्याखाली गडप. मग कागद हातभर लांब धरून, मान जराशी तिरकी करून बघत राहायचे. वर्तमानपत्रातल्या फोटोचंही तेच. मथळा झाकायचा, पुढाऱ्याचं तोंड बघायचं आणि निकाल द्यायचा, "ह्याला कुनी बोलावलं न्हवतं. आपल्या आपन आलाय." अंगठा काढून वाचावं, तर उद्घाटन त्याच माणसाच्या हस्ते झालेलं असायचं. तरी आण्णांचं मत बदलायचं नाही.

घरी टीव्हीवरच्या बातम्या ते आवाज बंद करून बघत. लग्नपत्रिकेतसुद्धा मजकूर झाकून आधी गणपतीकडे बघत, आणि गणपती घाईत काढलाय का सवडीनं, ते सांगत. मुहूर्त मात्र त्यांना दुसऱ्याला विचारावा लागे.

आण्णा कोण, ते नावानिशी सांगत नाही. गल्लीला ते आण्णाच होते. आणि नाव छापलं तर त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, माझ्या दुकानात येऊन मला जे ऐकवतील, ते ऐकण्याची माझी तयारी नाही.

इथल्याच एका साखर कारखान्यात आण्णांची सगळी नोकरी वजनकाट्यावर गेली. काट्यावरच्या माणसाला किती शिव्या खाव्या लागतात, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. ऊस घेऊन आलेल्या प्रत्येकाला वाटतं, काटा आपल्यालाच मारतोय. आण्णा काचेच्या केबिनमध्ये बसायचे. बाहेर ट्रॅक्टरची घरघर, कारखान्याची धडधड. त्यामुळे शिव्या देणाऱ्याचं तोंड हलताना दिसे, पण शब्द आत पोचत नसे. "मग मी तोंडं वाचाय शिकलो," ते सांगायचे. "कोन खरंच नडलाय आनि कोन सवयीनं वरडतोय, सगळं कळायचं. शब्द आत आलं असतं तर कायबी कळलं नसतं."

माझं राजारामपुरीत बाइंडिंगचं दुकान आहे. विद्यापीठातली पोरं प्रबंध घेऊन येतात. चार-पाच वर्षं निवांत अभ्यास करतात आणि बाइंडिंग मात्र त्यांना तासाभरात हवं असतं. माझा आवाज चढतो तो त्यांच्यामुळे; घरचे म्हणतात, मुळातच चढलेला आहे. दुकानाबाहेर एक बाक आहे. निवृत्त झाल्यावर आण्णांनी तो बाक पसंत केला, आणि एके दिवशी पिवळ्या पडलेल्या पानांचा एक गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला.

"शिवायचंय," म्हणाले. मी सुई शोधायला लागलो, तर लगेच, "आत्ता न्हाय हो! क्रम लागल्यावर."

तो क्रम काही लागेना. माझ्या दुकानात इतकं रखडलेलं काम आजवर दुसरं झालेलं नाही.

पानं कुठून आली, तेही सांगतो. आण्णांच्या एका मित्राचा एमआयडीसीत पुठ्ठ्याचे खोके करायचा कारखाना आहे. तिथे परदेशातली रद्दी गठ्ठ्यांनी येते. आण्णा वेळ घालवायला तिथे जाऊन बसत. एकदा एक गठ्ठा फोडला, तर आतून कुठल्याशा जुन्या साप्ताहिकाची चित्रांची पानं निघाली. गठ्ठा बांधताना वरची-खालची कड कापली गेली होती, त्यामुळे पान क्रमांक नव्हते. भाषा कुणाला कळेना. आण्णांनी वरचं पान उचललं आणि बघतच राहिले. चित्रात एक काचेची केबिन होती. आत एक टोपीवाला माणूस. बाहेर गाड्यांची रांग आणि एक गाडीवान तोंड फाडून ओरडतोय.

"हा मीच हाय की!" आण्णा म्हणाले, आणि सगळी पानं पिशवीत घालून घरी गेले.

चित्रकार बेल्जियमचा निघाला. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीनं कोपऱ्यातल्या सहीचा फोटो काढून मोबाइलवर शोध घेतला. हा माणूस तिकडे फार मोठा. एक लठ्ठ खलाशी आणि त्याचं बदक, अशी त्याची चित्रकथा म्हणे घरोघर वाचली जाते. मुलांच्या दप्तरांवर बदक, चहाच्या कपांवर बदक. पण नाव व्हायच्या आधी त्यानं एका साप्ताहिकात साखर कारखान्याची एक गोष्ट काढली होती, तिच्याबद्दल जेमतेम एक ओळ सापडली. तिचं पुस्तक कधी निघालंच नाही.

आण्णांनी मोबाइलमधलं बदक डोळे बारीक करून पाहिलं. "बदाक काय, कोनबी काढंल," म्हणाले. "बदकाला पोट भरायची चिंता हाय का? ह्या काट्यावरच्या मानसाकडं बघा. दोन रात्री झोपला न्हाय त्यो." त्या दिवसापासून तो चित्रकार 'आमचा बेल्जमवाला' झाला, आणि जगानं त्याला बदकात वाया घालवला, हे आण्णांचं कायमचं दुखणं झालं.

गाड्यांमध्ये ऊस नव्हता. मातीनं माखलेले गोल, टोकदार कंद होते. "रताळी," आण्णांनी ठरवून टाकलं. "ही मानसं रताळ्याची साखर करत्यात." बाकावर येईल त्याला ते हे सांगत, आणि ऐकणारा मान डोलवून जाई. पुढे कारखान्यातल्याच एका जुन्या सोबत्यानं सांगितलं, की ते बीट आहे. थंड मुलुखात साखर बिटाची करतात. आण्णा चार दिवस बाकावर फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी आले ते बसता बसताच म्हणाले, "असंल बीट. आपन रताळंच म्हनायचं."

आता क्रमाचं ऐका. आण्णांनी पानं लावली ती गळीत हंगामाच्या हिशेबानं. आपल्याकडे दिवाळी झाली की धुराडं पेटतं, थंडीभर गाळप चालतं, आणि ऊन तापायला लागलं की धुराडं थंड होतं आणि माणसं घरी जातात. जगात साखरेचं हे असंच चालत असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. म्हणून बर्फाची पानं सुरुवातीला, धुराची मध्ये आणि उन्हाची शेवटी.

त्यांच्या तोंडून ती गोष्ट अशी ऐकायची. पहिल्या पानावर काट्यावरचा माणूस बर्फात, स्टेशनच्या फलाटावर एकटा उभा. "बायकू म्हायेरी गेल्या. वाट बघतोय." पुढच्या पानावर आगगाडीच्या डब्याच्या पायरीवर एक बाई, हातात पेटी. "आली बघा. उतरत्या." मग कारखाना जोरात, माणूस काट्यावर, घरी टेबलावर वाडगा, बायकोची पाठ. "ती म्हनत्या, आमटी गार झाली. त्यो म्हनतोय, अगं, भाईर गाड्यांची रांग लागल्या." आणि शेवटच्या पानावर लख्ख ऊन, धुराडं थंड, शेतातल्या वाटेवर सायकल, तो चालवतोय, मागे कॅरियरवर ती बसलीय आणि खदाखदा हसतेय. "हंगाम संपला. सुटला बिचारा." हे म्हणताना आण्णा स्वतःच सुटल्यासारखे बाकावर मागे टेकायचे.

"मग शिवू का?" मी विचारायचो.

"मधली दोन-चार पानं अजून हलत्यात," ते म्हणायचे आणि गठ्ठा पुन्हा पिशवीत.

पानं हलत होती ती घरात. एक दिवस काकू दुकानात आल्या. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असं पुरुषासारखं बोलतात, बाहेरच्यांना त्याची गंमत वाटते. काकूंच्या तोंडी ते फार शोभायचं. त्यांनी दारातूनच सुरुवात केली.

"बाइंडर तुमीच न्हवं? मी मुद्दाम आलो. ती रद्दी एकदाची शिवून टाका."

"काकू, आण्णा क्रम..."

"क्रम ऱ्हाऊ दे. सगळ्या सोप्यात पानं मांडल्यात. वर पितळंची मापं ठेवल्यात, उडू नयेत म्हनून. स्वैपाकघरात जायचं तर मला मार्च महिना वलांडून जावं लागतंय! काल पाव्हनी आली, तिला म्हनलं, बाई, तू फेब्रुवारीवर बसू नकोस, हिकडं ये."

मी हसलो. काकू हसल्या नाहीत. मी जरा लवकरच हसलो होतो, हे पुढच्याच आठवड्यात कळलं.

झालं असं, की फरशी पुसायची म्हणून काकूंनी पानं गोळा करून एका जागी रचली. कुठलं पान कुठं होतं, याचा मेळ गेला. आण्णा बाहेरून आले, मोकळी फरशी बघितली आणि म्हणाले, "तू माझा हंगाम मोडलास." एवढंच. काकूंनी फडकं बादलीत टाकलं आणि म्हणाल्या, "आनि तुमच्या हंगामानं माझा जन्म खाल्ला, त्याचं काय?" मग पिशवी भरली, पायात चपला घातल्या आणि मुरगूडला माहेरी निघून गेल्या. नातवंडं असलेली बाई! गल्लीत चर्चा झाली.

आण्णा मात्र बाकावर ऐटीत. "येईल की. कुटं जात्या?" दुपारी मिसळ, संध्याकाळीही मिसळ. शर्टाचं बटण तुटलं तिथे टाचणी आली. फोन करायला सांगितलं की म्हणायचे, "चूक कुनाची? पानं कुनी हलवली?" घरात सोप्यात पुन्हा पानं मांडली होती, आणि आता ओलांडून जाणारं कुणी नसल्यामुळे ती स्वयंपाकघरापर्यंत पोचली होती. हे त्यांनीच मोठ्या अभिमानानं सांगितलं.

आण्णांना वाटत होतं, एकदा गोष्टीचा क्रम पक्का लागला, पुस्तक शिवून झालं, की ते घेऊन मुरगूडला जायचं आणि काकूंपुढे ठेवायचं. सायकलचं शेवटचं पान बघितलं की राग जाईल. त्यांनी मला हे सरळ सांगितलं नाही. पण रोज येऊन तेच पान ते सगळ्यांत वर ठेवायचे, ते मला दिसत होतं.

आणि तेवढ्यात फ्रेंच शिकवणारी एक बाई आली.

प्रबंध बांधून घ्यायला आली होती. आत मी पुठ्ठा कापत होतो, बाहेर बाकावर आण्णांनी पानं पसरली होती. तिनं सहज वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अय्या, फ्रेंच!"

आण्णांनी दोन्ही तळवे पानावर पालथे टाकले. "वाचायचं न्हाय!"

"अहो, पण सोपं आहे..."

"म्हनूनच न्हाय वाचायचं!" एक तळवा एका फुग्यावर, दुसरा दुसऱ्यावर, तिसऱ्यावर कोपर. पण पानं पुष्कळ आणि आण्णा एकटे. बाई मान वाकडी करकरून वाचत राहिली. शिक्षकांना समोर मजकूर असला की राहवत नाही, आणि ही तर वाचलेलं समजावूनही सांगायला लागली.

सायकलच्या पानावर बांधावरून एक मुकादम ओरडत होता. आण्णांच्या मते तो 'जपून जावा' म्हणत होता. बाईनं वाचलं, "उद्या सकाळी धुराडं पेटतंय. आता जानेवारीपर्यंत घर विसरायचं."

म्हणजे ते पान शेवटचं नव्हतंच. ते पहिलं होतं. तिकडे थंडी पडायच्या आत गाळप सुरू होतं आणि भर बर्फात संपतं, असं बाईनं सांगितलं. आण्णांनी लावलेली सगळी गोष्ट उलटी झाली. उन्हात हसणारी बायको आधी; मग काटा, गाड्या, धूर; मग टेबलावरचा वाडगा. त्या पानावर बायको पाठमोरी होती आणि तिच्या डोक्यावरचा फुगा अगदी छोटा होता. बाईनं तो हळू आवाजात वाचला, "तीनदा गरम केलं. आता नाही करणार."

आण्णांनी हात कधी काढून घेतले, मला कळलं नाही.

"आनि ह्यो?" त्यांनी फलाटावरचा माणूस दाखवला.

"इथं काही लिहिलेलं नाही," बाई म्हणाली. "गाडीच्या पानावरही नाही."

आण्णांनी पानं एकावर एक ठेवली, नव्या क्रमानं. पिशवीत घातली. बटणाच्या जागची टाचणी चाचपली आणि मला म्हणाले, "मुरगूडची गाडी आता कितीला असंल?"

तिथे काय झालं, ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. दोन्हींत जेवढं सारखं होतं तेवढं सांगतो. आण्णांनी मेव्हण्याच्या सोप्यात पानं मांडली. काकू लांबून बघत होत्या, मग जवळ आल्या. मेव्हणा म्हणाला, "आक्का, हे काय चाललंय?" काकू वाडग्याच्या पानापाशी थांबल्या. आण्णांनी तिथला फुगा झाकला नाही. उलट त्यात काय लिहिलंय ते वाचलेलं जसंच्या तसं सांगितलं.

"तीनदाच?" काकू म्हणाल्या. "मी तर मोजायचं सोडून दिलतं."

आण्णा म्हणाले, "मला केबिनमधनं दिसत न्हवतं."

"घर कुटं दिसतंय केबिनमधनं? भाईर याय लागतंय."

एवढंच झालं. मेव्हण्याला वाटलं आता रडारड होणार, म्हणून तो चहा सांगायला आत गेला. बाहेर येतो तर दोघं कडाकडा भांडत होती.

भांडण शेवटच्या दोन पानांवरून होतं. फलाटावरचा एकटा माणूस आणि पायरीवरची बाई. दोन्ही पानांत बर्फ, दोन्हींत एक अक्षर नाही. काकू म्हणाल्या, बाई गाडीत चढते आणि मग तो एकटा राहतो. "शानी हाय. उशिरा का हुईना, निघाली." आण्णा म्हणाले, तो वाट बघत एकटा उभा आहे आणि मग ती येते. "उतरत्या ती. बघ की नीट!" पेटी कुठल्या हातात आहे, पाय कुठला पुढे आहे, यावर दोघांचा आवाज वाढत गेला. शेवटची गाडी चुकेल म्हणून मेव्हण्यानं घाई केली, तर दोघं तशीच भांडत भांडत स्टँडवर आली आणि भांडत भांडत एकाच गाडीत बसली. परत यायचं की नाही, यावर बोलणं झालंच नाही, असं काकू मला म्हणाल्या. आण्णांच्या मते बोलणं झालं होतं, फक्त तोंडानं नव्हे.

तिथून पुढे ते भांडण माझ्या बाकावर आलं. मंडईतून येताना काकूही तिथे टेकायला लागल्या. मध्ये ते पान, इकडे आण्णा, तिकडे काकू.

"चढत्या."

"उतरत्या."

प्रबंधाची वाट बघत बसलेली पोरं त्यात पडली. चढणारे आणि उतरणारे असे दोन तट झाले. भौतिकशास्त्राचा एक विद्यार्थी शरीराचा तोल कुठल्या पायावर आहे ते पट्टी लावून सांगायला लागला. काकूंनी त्याला विचारलं, "बाळा, तू साडी नेसून कधी गाडीत चढलायस का?" त्यानं पट्टी खिशात ठेवली. एसटीचा एक वाहक मुलाची वह्या-पुस्तकं शिवून घ्यायला आला होता. त्यानं अधिकारवाणीनं सांगितलं, की चढणारा माणूस वर बघतो आणि उतरणारा खाली. सगळे पानावर वाकले. बाई वरही बघत नव्हती आणि खालीही नव्हती. ती सरळ आपल्याकडे बघत होती. वाहक म्हणाला, "मग ही फुकट्या प्रवाशांतली हाय. तिकीट इचारा," आणि वह्या घेऊन गेला.

फ्रेंचच्या बाईनं मध्यंतरी बेल्जियममधल्या एका ग्रंथालयाला कळवलं. त्यांना फार आनंद झाला. त्यांच्याकडे या गोष्टीची मोजकीच पानं होती. आमच्याकडच्या पानांची चित्रं मी माझ्या दुकानातल्या स्कॅनरवर काढून दिली. ती पाठवायची होती त्या दिवशी आण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले. "बेल्जमला त्यांचाच मानूस आपन परत देतोय," असं त्यांनी शेजारच्या चहावाल्यालाही सांगितलं. चहावाल्यानं विचारलं, "कोन वारलं?"

उत्तर आलं, त्यात शेवटच्या पानाचाही खुलासा होता. फलाटावरचं पान त्यांच्याकडे होतं, न कापलेलं. तळाशी 'समाप्त' असं छापलेलं. म्हणजे बाई चढत होती. माणूस एकटा राहिला होता. तिथेच गोष्ट संपत होती.

काकूंनी सगळ्यांना भेळ दिली. आण्णांनीही खाल्ली. मग बोटं पुसत म्हणाले, "त्यास्नी काय ठावं? बदाक छापत बसल्यालं लोक ते."

"आण्णा, छापलंय तिथं. समाप्त," मी म्हणालो.

"छापनाऱ्यानं छापलं. काढनाऱ्यानं काय काढलंय ते बघा."

"मग शिवू कसं?"

"ऱ्हाऊ द्या अजून," ते म्हणाले. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. कोबी होता, मेथी होती. दोघं घराकडे गेली. जाताना काकू पुढे आणि आण्णा मागे, आणि मागूनच त्यांचं काहीतरी सांगणं चालू होतं.

मागच्या हंगामात आण्णा गेले. दुपारी जेवले, जरा पडतो म्हणाले, आणि उठलेच नाहीत. त्रास काही झाला नाही. बाक रिकामा राहिला. पोरं त्यावर बॅगा ठेवतात, मी त्यांच्यावर ओरडतो, आणि का ओरडलो हे त्यांना कळत नाही. खरं सांगतो, मला त्या माणसाची फार सवय झाली होती. वर्तमानपत्रातला एखादा फोटो बघितला की अजून वाटतं, ह्याला बोलावलं होतं का, ते आण्णांना विचारावं.

महिन्या-दोन महिन्यांनी काकू आल्या. हातात तीच पिशवी. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी पानं काढून टेबलावर ठेवली.

"शिवा आता."

"आत्ता?"

"आत्ता. मी बसतो हितंच. आनि कापड ते तांबडं नको, प्रबंधावानी. जरा बरं घाला."

मी पानं सारखी करायला घेतली. पहिलं सायकलचं, मग काटा, गाड्या, धूर, वाडगा. सगळं बरोबर लागलं होतं. शेवटी मात्र फलाटावरचा माणूस आधी होता आणि पायरीवरची बाई सगळ्यांत खाली. इतकी वर्षं माझ्या बाकावर चढणाऱ्यांची बाजू लढवलेली बाई ही, तिच्या हातून असं कसं झालं, मला कळेना. नजरचूक असणार.

"काकू, ही शेवटची दोन पानं उलटी लागल्यात."

"न्हाईत उलटी."

"अहो, बेल्जियमहून कळवलंय ना. ती चढते आणि..."

"मला सांगताय व्हय?" काकू म्हणाल्या. "ती गेलीच. मी पैल्यापास्नं सांगत आलोय."

"मग?"

त्यांनी ते बाईचं पान हातानं सरळ केलं. मोठ्या आवाजात बोलायची त्यांची सवय, पण आता आवाज बारीक लागला.

"ती गेली हो. पर मी आलो की परत."

मी पानं होती तशीच ठोकून कड सारखी केली आणि शिवायला घेतली.